कॉपर-टीची तार

"मॅडम, तार डुप्लिकेट हे," संजय म्हणाला. गिऱ्हाइकाला समजवावं तसं, अगदी शांतपणे.

मी नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तार म्हणजे कॉपर-टीची. प्लास्टिकचा छोटासा तुकडा, त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. गर्भाशयात बसवली की दिवस राहत नाहीत. म्हणजे सहसा राहत नाहीत. त्याच्या बायकोला, मनीषाला, मीच ती बसवली होती आणि तिची युरिन टेस्ट पॉझिटिव्ह आली होती.

संजयचं विंचूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी आणायच्या आणि त्यांत नवी तार भरायची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते आणि तिने त्याला एकदा चांगलाच इंगा दाखवला होता. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही बिघाडाचं त्याच्याकडे हे एकच कारण होतं.

मनीषाची काळजी वेगळी होती. दुसरं मूल तिला हवंच होतं, फक्त थोडं उशिरा. पण बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "टी आत असताना हे आलं कुठून, असं कालपासून विचारतायत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला त्या बाईंचा भयंकर राग आला.

सोनोग्राफी केली. अशा वेळी गर्भ कधीकधी गर्भाशयाबाहेर, नळीत असतो, म्हणून आधी ते बघावं लागतं. इथे तो गर्भाशयातच होता. टीसुद्धा जागच्या जागी होती. म्हणजे माझं फिटिंग चोख होतं. हे मी दोनदा सांगितलं.

टी आत ठेवली तर इन्फेक्शन, गर्भपात यांचा धोका जास्त. काढतानाही थोडा असतोच. गर्भ कमी दिवसांचा होता, टी ओढून काढायचे दोरेही दिसत होते. मनीषा म्हणाली, काढा. टी अलगद निघाली.

आता संजयला ती तपासायची होती. हे मेडिकल वेस्ट आहे, घरी देता येत नाही, असं मी बजावलं. मग तुम्हीच खरवडा, म्हणाला. सासूबाईही आत येऊन उभ्या राहिल्या. शेवटी मी, एम.डी. डॉक्टर, ग्लोव्हज घालून सर्जिकल ब्लेडने तार खरवडू लागले आणि तो मोबाइलचा टॉर्च धरून सूचना देऊ लागला. आडवं धरा. जरा दाबून. आतून पांढरं निघालं की ॲल्युमिनियम.

आतूनही लालच निघालं.

"प्युअर हे," संजय खट्टू होऊन म्हणाला.

"मंग पोर कसं राह्यलं?" सासूबाईंनी विचारलं. मनीषाने मान खाली घातली. कुठलंही साधन शंभर टक्के नसतं, हे माझं नेहमीचं वाक्य मी तोंडात जुळवत होते. तेवढ्यात संजय बोलला.

"आई, चांगली तार भरूनबी एखादी मोटर दुकानात परत येतीच ना? तव्हा मी गिऱ्हाइकावर संशय घेतो का?"

सासूबाईंनी विचार केला. मोटरीचं त्यांना पटलं. माझं पटलं असतं असं वाटत नाही. "चल बाई, उन्हं वाढायच्या आत निघू," त्या मनीषाला म्हणाल्या आणि तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

पुढे सगळं नीट पार पडलं. नऊ महिने भरून बाळ ठणठणीत जन्मलं.

कॉपर-टी बसवली तरी पाळी चुकल्यास लगेच या, असं मी प्रत्येकीला सांगते. सोबत आलेल्या नवऱ्याला एवढंच सांगते, की संशय घ्यायचाच झाला तर तारेवर घ्या.