एकटोचे मामा

सुई हातात घेण्याआधी मामा शिरेशी बोलायचे. समोर पैलवान बसलेला असो की पाच वर्षांचं पोर, दोन बोटं कोपराच्या खोबणीत ठेवून ते म्हणायचे, "काय गं बाई, कुटं लपून बसलीस? ये की वर." पेशंटला हसू फुटेपर्यंत नळीत रक्त आलेलं असायचं. त्यांनी दुसऱ्यांदा टोचलेलं मी कधी पाहिलं नाही. सोलापुरातल्या आमच्या लॅबमध्ये त्यांचं खरं आडनाव कुणी घेतच नसे. सगळ्यांचे ते 'एकटोचे मामा'.

लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून मी तिथे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला लागले. पहिल्याच दिवशी मामांनी बाही वर करून स्वतःचा हात पुढे केला. "टोच. पेशंटवर शिकायचं न्हाय. मी हाय की." आठवड्याभरात तो हात काळानिळा झाला. मामींनी विचारलं तर सांगितलं म्हणे, म्हशीनं ढुशी मारली.

पुढे मी पेशंटना टोचू लागले, तेव्हा ते प्रत्येकाला आधी सांगायचे, "ही आमची पोरगी शिकतीया. मी शेजारी उभा हाय." ते वाक्य ऐकलं की पेशंटला धीर यायचा, आणि खरं तर मलाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी दोन सुनंदाबाई एकापाठोपाठ आल्या. एक जुळे सोलापूर भागातल्या निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या विड्या वळणाऱ्या. गर्दी होती. दुपारी रिपोर्ट गेले, आणि मामा प्रती हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"विडीवाल्या बाईंच्या पापण्या मी बघितल्यात. आतनं पांढऱ्याफट्ट हायत. हिमोग्लोबिन तेरा येईलच कसं?"

दोघींच्या नळ्यांवरच्या लेबलांची माझ्या हातून अदलाबदल झाली होती. इंटर्न आम्ही दोघी होतो आणि जागा एकच निघणार होती. मी हळूच म्हणाले, "मामा, नावं बदलून नवे रिपोर्ट पाठवू? टायपिंगची चूक म्हणू."

"आन् लेबल त्याच दोघींत फिरलंय, तिसरीत न्हाय, हे कशावरनं? रक्त परत घ्यायला लागतंय. जा, सरांना सांग. मी सांगितलं तर ती तक्रार हुईल."

लॅब चालवणाऱ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोघींच्या घरी तू जायचं. माफी मागायची, रक्त घेऊन यायचं." मामांनी स्कूटरवरून नेलं, पण दोन्हीकडे ते खालीच थांबले. शिक्षिकाबाई दारातच कडाडल्या, "दुपारपासून माझ्या जिवाला घोर लागलाय!" मग त्यांनी हात पुढे केला. दुसऱ्या सुनंदाबाईंनी मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे मला काईतरी झालंय व्हय?" मी माफी मागून त्यांचा हात हातात घेतला. त्यांचं हिमोग्लोबिन सात निघालं. दुसऱ्याच दिवशी त्यांचे उपचार सुरू झाले.

नोकरीचा विषय मी मनातून काढून टाकला होता. इंटर्नशिप संपली त्या दिवशी सरांनी बोलावलं. "तेव्हा तुला मामांनी पाठवलं होतं ना?"

"हो सर."

"आता त्यांनी न पाठवता येत जा." आणि त्यांनी नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं.

एक तारखेला मी ॲप्रन घालून उभी राहिले, तर मामा म्हणाले, "या म्याडम. ह्ये तुमचे पेशंट."

मला कसंतरीच झालं. पेशंट गेल्यावर मी म्हणाले, "मामा, तुम्ही मला अहो-जाहो करू नका ना."

"पोरगी म्हणलं की पेशंट माज्याकडं बघतो," मामा म्हणाले. "आता तुमच्याकडं बघू दे की." आणि ते चहाला निघून गेले. लॅबमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या शेजारी कुणी उभं नव्हतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. "हार-बीर काई नगं," असं बजावून शुक्रवारी नेहमीसारखे सहाला निघाले आणि अक्कलकोटकडच्या आपल्या गावी गेले. शनिवारी सकाळी लॅब उघडली तर दारात एक आजोबा उभे होते. आत डोकावत त्यांनी विचारलं, "एकटोचे मामा कुटं हायत?"

"मामा गावी गेले, आजोबा," मी म्हणाले. "मी आहे. बसा, बाही वर करा."