भुतांसाठी उघडा दरवाजा

ऋतुराज पायगुडे याच्या पूर्वजांकडे म्हणे झाशीच्या खंडेराव गेटची, म्हणजे शहराच्या एका जुन्या वेशीची, पहाऱ्याची चाकरी होती. म्हणे, कारण याला पुरावा एवढाच की घरातले सगळे ही गोष्ट छाती फुगवून सांगत. ऋतुराज स्वतः इन्व्हर्टर दुरुस्त करायचा. तलवार, घोडा, स्वारी यांतलं त्याच्या वाट्याला काही आलं नव्हतं. शत्रू मात्र एक आला होता. तो त्याच्या फोनमध्ये राहायचा.

खेळ तसा सोपा होता. एका पडक्या स्मशानातून वाट निघते आणि वळणं घेत हवेलीपर्यंत जाते. त्या वाटेने भुतं चालून येतात. आधी नुसती हाडं, मग मुंडकं काखेत धरलेली, आणि शेवटी उलट्या पायांची चेटकीण. आपण वाटेच्या कडेने बुरूज उभे करायचे. कुठे कंदिलाचा, कुठे घंटेचा, कुठे तोफेचा. भुतं हवेलीत शिरायच्या आत संपली, की आपण जिंकलो. ऋतुराज जिंकत नसे. चेटकीण त्याच्या सगळ्या बुरुजांसमोरून, बाजारातून भाजी आणायला निघावं तशी निवांत चालत जाई आणि हवेलीत शिरे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा भिंतीवर टांगलेला हा माणूस उन्हाळ्यापासून तिथेच अडकला होता. गिऱ्हाइकाची बॅटरी चार्ज होईपर्यंत तो खेळे, जेवताना खेळे, आणि संडासात तर फारच मन लावून खेळे.

“अहो,” बायको आभा दारावर टकटक करी, “हवेली वाचली असेल तर बाहेर या. आणि बुडाली असेल तरी या. मला आंघोळीला जायचंय.”

ती ग्वाल्हेरची. तिथले लोक टोमणे तुपात तळून देतात, असं ऋतुराजचं मत होतं. तिच्यासमोर मात्र ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

झाशीतल्या मूठभर मराठी घरांचं एक मंडळ होतं. मंडळाच्या अंगणात दर दिवाळीला मातीचा किल्ला व्हायचा. ऋतुराजच्या लहानपणी किल्ल्यावर इतकी पोरं असत की मावळा ठेवायला जागा मिळायची नाही. हल्ली कोणी फिरकत नसे. यंदाच्या बैठकीत मंडळाचे सचिव, निवृत्त कारकून अनंतराव यांनी चष्मा काढला आणि ऐकवलं, “म्हाताऱ्यांनी मातीचा ढीग करायचा आणि म्हाताऱ्यांनीच त्याच्याकडे बघत बसायचं, हे पुरे झालं. यंदा पोरं आली नाहीत, तर किल्ला कायमचा बंद.”

दिवाळीत ते अंगण रिकामं, हे चित्र ऋतुराजला बघवेना. विचार करायच्या आत त्याचा हात वर गेला होता. “काका, यंदा मी करतो.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. बंद पडलेला इन्व्हर्टर अचानक बोलावा, तसं.

मग तो खरोखरच कामाला लागला. लक्ष्मी ताल तळ्याच्या काठावरून माती आणली, गोणपाट भिजवलं, दगड रचले, उतारावर मोहरी पेरली. मनातून त्याची खात्री होती की, एवढे महिने आपण फोनवर वाया घालवले नाहीत, आपण युद्धशास्त्र शिकत होतो. त्यामुळे त्याने पायथ्यापासून वर जाणारी वाट चांगली नागमोडी केली आणि प्रत्येक वळणावर बुरूज उभा केला. महादरवाजा रुंद ठेवला. कवाडं लावली नाहीत. खेळात वाट अडवली तर भुतं येतच नाहीत आणि खेळ सुरूच होत नाही. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की, किल्ल्याला दार लागतं हे त्याला आठवलंसुद्धा नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी अनंतराव पाहणीला आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी एक फेरी मारली. मोहरी बघून “छान उगवलीय” म्हणाले. ऋतुराजची मान ताठ झाली. मग ते दरवाज्याशी थांबले.

“कवाडं कुठायत?”

“कवाडं नाहीत, काका. उघडाच ठेवायचाय. नाहीतर ते आत येणार कसे?”

“ते कोण?”

इथे ‘वारा’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ऋतुराज खरं बोलून गेला. “भुतं.”

अनंतरावांचा चेहरा हळूहळू लाल झाला. झाशीत राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. सत्तावन्नच्या उठावात कोणीतरी आतून दार उघडलं म्हणून शत्रू शहरात शिरला, ही गोष्ट इथे तान्ह्या पोराच्या कानावर दुधाबरोबर पडते. झाशीत काय वाटेल ते उघडं टाकावं, पण किल्ल्याचा दरवाजा नाही.

“पहारेकऱ्याच्या घरातला तू!” अनंतरावांचा आवाज चढला. “लोक काय म्हणतील? पायगुड्यांनी दार उघडं टाकलं! संध्याकाळच्या आत बंद कर, नाहीतर मी स्वतः फावडं घेऊन येतो.”

अंगणात तोवर एकही पोर आलं नव्हतं आणि आता किल्लाही जाणार होता. ऋतुराज चिखलाच्या हातांनी पुठ्ठा शोधू लागला. तेवढ्यात आजोबांना चहाला बोलवायला स्वराली आली. अनंतरावांची ही नात. तिला मराठी समजे सगळं, बोलायची वेळ आली की मात्र ती हिंदीकडे पळे.

ती किल्ल्यापाशी गचकन थांबली. “अरे! ये तो भूतवाला गेम है!”

“तू खेळतेस?” ऋतुराजने विचारलं.

“मेरा तो कब का पूरा हो गया.” ती वाकून बघू लागली. “भैया, घंटी वाला बुर्ज आपने पीछे क्यों लगाया? चुड़ैल तो यहीं से निकल जाएगी.”

उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या पराभवांचं कारण ऋतुराजला असं उभ्या उभ्या कळलं. त्याने घंटेचा बुरूज पुढे, दरवाज्यापाशी सरकवला. स्वराली मात्र तोवर गल्लीत पळाली होती. बघता बघता अंगण भरलं. मराठी घरांतली पोरं आली, शेजारची बुंदेली बोलणारीही आली. कोणी शर्टाची बटणं आणली, कोणी बाटल्यांची झाकणं. ती झाली भुतं.

“दरवाजा बंद होणार,” अनंतरावांनी बजावलं.

“आजोबा, बंद होगा तो खेलेंगे कैसे?”

“नका खेळू.”

पोरांनी बटणं गोळा करायला सुरुवात केली. ऋतुराज मधे पडला. जुन्या पंख्याची छोटी मोटर बसवून आपोआप उघडणारं दार कसं करता येईल, हे तो समजावू लागला. कोणीच ऐकेना. गलका ऐकून आलेली आभा तर कपाळाला हात लावून उभी होती. पण अनंतराव जाणाऱ्या पोरांकडे बघत होते. एकाएकी त्यांनी मिठाईच्या डब्याचं झाकण उचललं, दरवाज्यात आडवं लावलं आणि तिथेच पाट ओढून बसले.

“पहाऱ्याशिवाय दार उघडणार नाही. पहाऱ्यावर मी. जो येईल त्याने नाव, गाव, काम सांगायचं. मराठीत.”

पहिलं बटण वाट चढून आलं.

“कोण आहे?”

“मैं भूत...”

“परत जा.”

“मी! मी भूत आहे.”

“कुठलं?”

“चिरगावचं.”

“बसने आलास की चालत?”

“बसने. खडे-खडे आलो.”

“अरेरे. काम काय?”

भूत अडलं. मागून स्वराली ओरडली, “भीती दाखवायची आहे, बोल!” मराठीत. अनंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, खाकरले आणि झाकण बाजूला केलं. आत शिरताच पोरांनी “टण्ण” करून घंटेच्या बुरुजाने भूत उडवलं आणि अंगणात आरडाओरडा झाला.

पोरांनी शेवटी ऋतुराजलाही चेटकीण केलं.

“काम काय?”

“काम असं नाही,” ऋतुराज गडबडला. “सहज आले होते.”

“सहज येणाऱ्यांना सणाच्या दिवशी सोडत नाही. जा.”

जी चेटकीण ऋतुराजला एकदाही अडवता आली नव्हती, ती एका निवृत्त कारकुनाने दारातूनच परत पाठवली. आभा हसून हसून ओट्यावर बसली.

दिवे लावायची वेळ झाली, तरी पोरं हलेनात. त्यांच्या आया हाका मारून थकल्या. शेवटी अनंतराव कमरेवर हात ठेवून, कण्हत उठले.

“ऋतुराज, पुढच्या वर्षी दरवाजा चांगला उंच कर. वाकून वाकून जीव गेला माझा.”

“हो काका,” ऋतुराज म्हणाला. आणि तो लगेच वितीने दरवाजा मोजू लागला.