सलाम व्हायचा राहिला होता

सगुणाबाईंची आणि माझी पहिली भेट एस.टी.च्या फाट्यावर झाली. शेवगावहून आलेल्या गाडीच्या टपावरून माझी पत्र्याची पेटी खाली उतरली, गाडी गेली, धूळ बसली, आणि समोर पांढऱ्या लुगड्यातल्या एक वयस्कर बाई उभ्या दिसल्या. मी गावच्या ख्रिस्ती मंडळीचा नवा पाळक. वय सत्तावीस, अंगात नवाकोरा कोट. मला वाटलं होतं, मंडळीतले चार वडीलधारे न्यायला येतील, निदान बैलगाडी तरी असेल. बाईंनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, "सलाम, पाळकसाहेब," म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत पेटी त्यांच्या डोक्यावर चढली होती. दोन मैलांच्या वाटेवर मी मोकळ्या हातांनी त्यांच्या मागून चालत राहिलो. तेव्हा बाईंनी सत्तरी ओलांडली होती, हे पुढं बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत वाचलं तेव्हा मला फार लाज वाटली.

आजची त्यांची पंच्याहत्तरीही त्या वहीच्याच भरवशावर साजरी होते आहे. खुद्द बाईंना वय विचारलं तर "लई झालं" एवढंच उत्तर मिळतं.

या गौरवग्रंथात बाईंच्या कार्यावर लिहिणारे माझ्याहून अधिकारी लोक आहेत. तरुणपणी वैधव्य आल्यावर त्या बायबल-बाई झाल्या, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याजवळ बसायचं, बाळंतिणीला हात द्यायचा. तालुक्याच्या या बाजूची अशी वाट नसेल जी त्यांनी तुडवली नाही. कुणी आपला धर्म सोडावा म्हणून बाई कधी कुणाच्या मागं लागल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या शेजारच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या शेख आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. बाई रोज दुपारी त्यांच्याकडं जात. एकदा मी आजींना विचारलं, "बाई काय सांगतात तुम्हाला?" आजी म्हणाल्या, "गोष्ट सांगती. मला हसू यायच्या आधी सोताच हसती, अन् मला रडू यायच्या आधी सोताच रडती. म्या निस्ती बघत बसते."

आजींनी बरोबर ओळखलं होतं. बाईंना गोष्ट जुनी होतच नाही. उपासनेत मी शुभवर्तमान वाचू लागलो की पुढच्याच सतरंजीवरून त्यांचा आवाज येई, "अगं बया! आन् मग?" जन्मभर जी कथा सांगितली तीच त्या पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत. सुरुवातीला माझा फार तोल जाई. धर्मशिक्षणाच्या शाळेत मला कुणी मधे "आन् मग?" विचारलं नव्हतं. मी एकदा त्यांना सौम्यपणे सुचवूनही पाहिलं. बाई "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी तोंडावर पदर धरून त्यातून "आन् मग?" म्हणाल्या.

आमच्या मंदिराची, म्हणजे चर्चची, एक रीत बाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. उपासना संपली की पाळक दारात उभा राहतो. पहिला माणूस त्याला सलाम करून शेजारी उभा राहतो, दुसरा त्या दोघांना सलाम करून तिसरा होतो, आणि अशी रांग वाढत जाते. प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात पडल्याशिवाय कुणाची सुटका नाही. आदल्या दिवशी विहिरीवर भांडलेल्या दोघी या रांगेत तोंड फिरवून का होईना पण हात देतात. सतरंज्या गुंडाळायचं काम बाईंकडं, म्हणून त्या सगळ्यांत शेवटी बाहेर येत. बाईंचा सलाम झाला की उपासना सुटली असं लोक धरत.

मग दुष्काळाचं साल आलं. एकेक घर पाझर तलावाच्या कामावर निघालं, मुलाबाळांसकट, आणि तिकडंच पालं ठोकून राहिलं. काही जण पुण्याकडं गेले. बाईंचा एकुलता मुलगा योहान त्यांतच होता. रविवारची रांग आखडत आखडत चार माणसांवर आली, मग दोघांवर, आणि ईस्टरनंतरच्या रविवारी बाई एकट्या आल्या. त्यांनी नेहमीसारख्या सगळ्या सतरंज्या अंथरल्या होत्या. मी चिडून विचारलं, "बाई, कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "आलंच कुनी, तर काय मातीत बसवायचं?"

माझी चीड सतरंज्यांवरची नव्हती. गावात येण्याच्या आठ महिने आधी माझी पत्नी शांता तापानं गेली होती. नगरच्या दफनभूमीत तिला ठेवून मी इथं आलो होतो, आणि कामात बुडालो की बरं वाटेल अशी माझी समजूत होती. गाव रिकामं झालं तशी ती समजूतही गेली. दिवसचे दिवस माझ्याशी कुणी बोलत नसे. भाकरी थापता येत नव्हती, म्हणून बाई आपल्या रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीतली अर्धी आणून ठेवत. ती खातानाही मला एकट्यानं जेवण्याचाच राग येई. पुनरुत्थानावर मी बोलत होतो, पण माझा त्यावर विश्वास उरला होता की नाही हे मला स्वतःला सांगता आलं नसतं. त्या रविवारी माझ्या कोटाच्या खिशात मिशनच्या नगरच्या कचेरीला लिहिलेला राजीनामा होता.

वाचनाला येशूच्या रिकाम्या कबरेपाशी रडत उभ्या राहिलेल्या मरियेची गोष्ट होती. ती एकटी रडते आहे इथवर वाचलं आणि तिथंच थांबलो. बाई म्हणाल्या, "आन् मग?" मी पुस्तक मिटलं, कशीबशी प्रार्थना केली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. एका माणसाची कसली रांग, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे खिशात ते पत्र ठेवून बाईंच्या हातात हात देण्याची माझी हिंमत नव्हती. खोलीवर जाऊन पेटी घेतली आणि फाटा गाठला.

दुपारची गाडी आली नाही. संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत बाभळीखाली बसलो. ऊन कलल्यावर एका सायकलवाल्यानं सांगितलं की गाडी मोडून पडली आहे, आज काही यायची नाही. पेटी डोक्यावर घेऊन मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं हे नक्की होतं.

दिवस मावळता मावळता मंदिरावरून आलो, तर बाई पायरीवर बसलेल्या. शेजारी सतरंज्यांची गुंडाळी. मी थबकलो.

"बाई, तुम्ही अजून इथं?"

"सलाम कुठं झाला, पाळकसाहेब?"

"सकाळपासून बसला आहात?"

"व्हय. मागचं दार वाजल्यालं आइकलं म्या. म्हनलं, इसारलं असत्याल, येत्याल."

त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पेटीकडं पाहिलं. मी पेटी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. पत्राचं सांगितलं. शांताचं तर त्यांना आधीच ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "सकाळी तुमी गोष्ट अर्धीच सोडली. बाकीची मानसं घरला गेली, मरिया थांबली. थांबली म्हून तिला परभू दिसला."

मला राग आला. मी म्हणालो, "मीही थांबलो होतो, बाई. शांताच्या थडग्यापाशी कितीदा जाऊन उभा राहिलो. मला कुणी दिसलं नाही."

यावर बाई काहीतरी वचन सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सतरंज्यांची गुंडाळी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मला बी न्हाई दिसला अजून. म्हातारी झाले वाट बगून. पर आज सकाळधरनं बसले हुते, अन् तुमी आलात न्हवं?"

आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे वाचन ऐकताना असे. जणू मी फाट्यावरून परत येणं हीसुद्धा त्याच गोष्टीतली पुढची ओळ होती, आणि ती ऐकून त्यांना नवल वाटलं होतं. मी रडलो. बायको गेल्यापासून माणसांदेखत रडलो नव्हतो. बाईंनी रडू दिलं, मग उठल्या, लुगडं झटकलं आणि हात पुढं केला. "सलाम, पाळकसाहेब." आम्ही सलाम केला आणि त्या रविवारची उपासना सुटली. लगेच त्या माझ्या पेटीकडं वळल्या. या खेपेला मात्र मी ती त्यांना उचलू दिली नाही.

माझा एकटेपणा त्या संध्याकाळी संपला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि बाईंच्या गौरवात खोटं शोभणार नाही. शांताची जागा रिकामीच आहे. पण रिकाम्या जागेपाशी आशेनं बसता येतं हे मी त्या पायरीवर शिकलो, आणि माझी श्रद्धा आज जी काही आहे ती तिथून पुढची आहे. राजीनामा पेटीच्या तळाशी अजून आहे. पुढच्या सालात माणसं परतली, सगळी नाही. योहान अजून आलेला नाही, त्याचं पत्रही नाही. बाई दर रविवारी त्याच्यासाठी कोपऱ्यातली सतरंजी अंथरतात, आणि ती गुंडाळताना त्यांचा हात थोडा रेंगाळतो. मी ते दर खेपेला पाहतो.

येत्या रविवारी सत्काराची उपासना आहे. मंदिर भरेल, रांग बाहेरच्या वडापर्यंत जाईल, आणि बाई सतरंज्या गुंडाळून शेवटी बाहेर येतील. परमेश्वरानं त्यांच्या गुडघ्यांना बळ द्यावं, डोळ्यांना उजेड द्यावा, योहानला घरची वाट दाखवावी आणि त्यांना शंभर वर्षं आमच्यात ठेवावं, ही सर्व मंडळीची प्रार्थना आहे. ती शंभर वर्षं भरावीत म्हणून माझ्यापुरती मी आणखी एक तजवीज करून ठेवली आहे. बाई, तुम्ही दारात याल तेव्हा मी हात पुढं करणार नाही. माझा सलाम झाल्याशिवाय तुम्ही कुठंही जात नाही, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुम्ही बसा पायरीवर. मी येतो.