घरी कोणी नाही

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. हे मी अजूनही सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. घरात एखादी वस्तू बिघडली तर मेकॅनिकला बोलावत नाही. मग शिकलो कशाला?

त्यामुळे फरशीवरचा कचरा ओढणारा तो गोल रोबो घरी आला, तेव्हा खोक्यातून काढून नुसता चालू करणं मला कमीपणाचं वाटलं. कंपनीचं ॲप होतं. बटण दाबलं की स्वारी निघायची. पण तिचा प्रत्येक निरोप आधी परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर जाणार आणि तिथून माझ्या मोबाइलवर येणार. माझ्या हॉलमधल्या कचऱ्याची खबर परदेशात कशाला? घरात माझी स्वतःची व्यवस्था होती. टीव्हीखालच्या कपाटात एक छोटा कॉम्प्युटर कायम चालू असायचा आणि दिवे, पंखे सगळे त्याच्या हाताखाली होते. सोसायटीचा नोटीस बोर्ड असतो ना, तसं समजा. पंखा चालू झाला की बोर्डावर चिठ्ठी लावतो, 'मी चालू झालो.' ज्याला त्या चिठ्ठीशी कर्तव्य असेल तो ती वाचतो आणि आपलं काम करतो. रोबोला मला या बोर्डावर आणायचं होतं.

कित्येक संध्याकाळी मी त्याला उलटा पाडून बसलो. पोटाचे स्क्रू काढले, वायर जोडली, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं घातलं. आई समोर दिवाणावर बसलेली असायची.

"आई, पाय वर घे. सोडतोय त्याला."

"घेतले बाबा. तुझं कासव आलं की सांग."

वडील गेल्यापासून आई थोरल्या भावाकडे होती. आमचं गाव आता महापालिकेत गेलंय, शेतांच्या जागी इमारती आल्यात, पण आई त्याला गावच म्हणते. मी बरेच दिवस मागे लागून तिला कर्वेनगरला आणलं होतं. "दिवाळीपतूर बघते. करमलं तर राहीन," ती म्हणाली होती. थोरला म्हणाला होता, "तुझ्या फ्लॅटात तिला करमायचं नाही." मी म्हणालो होतो, "ते मी बघतो." आई माझ्याकडे रमली पाहिजे, ही तेव्हापासून माझ्यापुरती पैज झाली होती. शिकलेल्या मुलाकडे आई सुखात आहे, हे मला गावाला दाखवायचं होतं.

शेवटी एका संध्याकाळी रोबोचा पहिला निरोप बोर्डावर उमटला. मी मुद्दाम तो मराठीत लिहून ठेवला होता, 'जागेवर थांबलो आहे.' मी ओरडलोच.

"काय म्हणालं?" आईने विचारलं.

"म्हणतंय, जागेवर आहे."

"ते तर मलाबी दिसतंय."

मग मी नियम लिहायला बसलो. रोबोच्या आवाजाने बायको वैतागायची, म्हणून घरी कोणी नसेल तेव्हाच झाडायचं. बायको सकाळच्या घाईत पंखे चालू ठेवून जाते अशी माझी तक्रार होती, म्हणून दुसरा नियम, घरी कोणी नसताना काहीही चालू दिसलं तर बंद करायचं. आता घरी कोणी आहे की नाही हे घराला कसं कळणार? त्याची युक्ती सोपी आहे. माणूस घरात असला की त्याचा मोबाइल घरच्या वायफायवर असतो. मी दोन मोबाइल नोंदवले, माझा आणि बायकोचा. आईकडे बटणांचा साधा फोन, त्याला वायफाय माहीत नाही.

हे नियम मी लिहीत होतो तेव्हा आई समोर बसून मेथी निवडत होती.

दुसऱ्या दिवसापासून मला खराडीला ऑफिसात निरोप यायला लागले. 'घरी कोणी नाही. सफाई सुरू.' मी तो कँटीनमध्ये मित्रांना दाखवायचो. एकदा तर भर जेवणात आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, हॉलमध्ये आहेस ना? पंखा लाव आणि त्याच्याकडे बघ." मी स्क्रीनवर बोट टेकवलं. पलीकडून आवाज आला, "आगं बया! थांबला की!" टेबलावरचे सगळे हसले. "बघितलंस? मी इथे बसून तुझा पंखा बंद करू शकतो," मी म्हणालो. आईशी बोलून फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर तोच निरोप वाचत राहिलो, घरी कोणी नाही. तो खोटा आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकदाही नाही.

दुसराही एक निरोप यायचा. 'हॉलचा पंखा चालू होता. बंद केला.' हा दुपारी वारंवार यायचा. मी बायकोवर डाफरलो.

"अरे, मी बंद करून निघते. आणि मी सकाळी चालू ठेवलेला पंखा दुपारी चार वेळा कसा चालू होईल? तुझ्या बोर्डाला विचार."

तिचं बरोबर होतं. मी निष्कर्ष काढला की स्विच खराब आहे. इंजिनिअर माणूस, निष्कर्ष काढल्याशिवाय राहतो कसा.

त्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी मला लिफ्टपाशी गाठलं.

"आपल्याकडे किल्ली एकच आहे का हो?"

"नाही. का?"

"काही नाही. आई दुपारभर जिन्यात बसलेल्या असतात. आम्हाला वाटलं, किल्लीची वाट बघतात."

"वारा येतो म्हणून बसत असतील."

"येतो ना. घरात पंखा नसला की जिन्यात छान वारा येतो."

मी घरी येऊन बायकोजवळ काकूंचा उद्धार केला. आईला विचारलं तर म्हणाली, "बसते जरा. येणारी-जाणारी माणसं दिसत्यात." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

पुढे एका दुपारी अंगात कणकण वाटायला लागली म्हणून ऑफिसातून लवकर निघालो. ऑक्टोबरचं ऊन, खराडी ते कर्वेनगर म्हणजे निम्मं शहर, वाटेत मोबाइलची बॅटरी संपली. घरी पोचलो तर दार उघडं आणि आई जिन्याच्या पायरीवर, पदराने वारा घेत.

"एवढ्या लवकर? बरं न्हाई का?"

"आत चल. उन्हाची इथे काय बसलीस?"

"कासव फिरतंय आत. त्याचं झालं की जाते."

मी तिला आत घेऊन आलो. हॉल तापलेला. मी पंख्याचं बटण दाबलं आणि सोफ्यावर अंग टाकलं. पंखा फिरला, जरा वेग घेतला आणि बंद पडला. मी पुन्हा लावला. पुन्हा बंद.

"हा स्विच बदलायलाच पाहिजे," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत होती. "तू बंद करतोस ना?"

"मी? मी तर इथे आहे."

"मग तिकडं हापिसात कोण बसलंय?"

मी हसलो. ती हसत नव्हती. "मला वाटलं, तू तिकडनं बघत आसतोस. मी पंखा लावला की तू घालवतोस. त्या दिशी फोनवर दावलं होतंस की."

काहीतरी करायचं म्हणून मी मोबाइल चार्जिंगला लावला. तो चालू झाला, त्याने वायफाय पकडलं आणि दिवाणाखाली घरघरणारा रोबो मध्येच थांबला, वळला, आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. आई हे सगळं लक्ष देऊन बघत होती. तिने उठून पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला आणि फिरतच राहिला.

"तुझा मोबाइल आला म्हणून ते गेलं व्हय?"

"हो."

"सूनबाईचाबी वळखतं?"

"हो."

"आन् माझा?"

मी म्हणालो, "राहून गेलं."

हे दोन शब्द मी ऑफिसात दिवसाकाठी चार वेळा वापरतो. एखादी ओळ राहून गेली, एखादी तपासणी राहून गेली. आईपुढे ते तोंडातून बाहेर पडले आणि मला माझ्याच हॉलमध्ये उभं राहवेना.

आई पंख्याखाली जाऊन बसली. मग शांतपणे म्हणाली, "मला वाटायचं बिल लई येत आसंल. म्हणून तू घालवतोस. त्याचं काय न्हाई. पोरगा चिकट निघाला, एवढंच. तुझा बापबी चिकटच होता. ह्यापरीस तेच बरं होतं रं."

चिकट मुलाला निदान आई घरात आहे हे माहीत असतं. तो तिच्यावर लक्ष ठेवून असतो. मी तेही करत नव्हतो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती आईजवळ जाऊन बसली. मी दोन्ही नियम बदलायला घेतले आणि तेव्हाही अक्कल आली नाही. म्हणालो, "आई, तुला एक चांगला मोबाइल आणतो. नुसता कमरेला ठेवायचा. घराला कळेल तू आहेस म्हणून."

"म्हशीच्या गळ्यात घंटा बांधत्यात तशी?" आई म्हणाली. "म्हस रानात हरवती म्हणून बांधत्यात रं. मी घरातच हाय."

बायको माझ्याकडे बघेना. मी दोन्ही नियम पुसून टाकले. रोबो आता बटण दाबल्यावरच निघतो, खोक्यातून काढल्या दिवशी निघाला असता तसाच.

आईने रुसवा धरला नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी केल्या, काकूंशी गप्पा मारल्या. फक्त शनिवारी रात्री जेवताना म्हणाली, "उद्या सुट्टी हाय ना तुला? मला गावाकडं सोड."

"दिवाळी व्हायची आहे अजून. राहा की," बायको म्हणाली.

"येईन की परत," आई म्हणाली. कधी ते तिने सांगितलं नाही आणि विचारायला माझी जीभ रेटली नाही.

रविवारी मी तिला गाडीतून घेऊन गेलो. तिची पिशवी मी उचलली तर म्हणाली, "हलकीच हाय." वाटेत ती रस्त्याकडेच्या नव्या इमारतींविषयी बोलत होती, कुणाचं रान कुठे होतं ते दाखवत होती. मी हो-हो करत होतो. दारात थोरला उभाच होता. पिशवी बघून त्याला सगळं कळलं, म्हणजे त्याला वाटलं की कळलं.

"काय, नाही करमलं ना? मी म्हणालोच होतो."

मी तोंड उघडणार होतो. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो.

माझ्याआधी आई बोलली. "ह्यानं लई केलं रं. मला पंख्याखालनं उठू दिलं न्हाई. माझंच मन रमंना, त्याला ह्यो काय करणार?"

वहिनीने चहा आणला. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, मी अडचणीत येऊ नये म्हणून. थोरला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. तू तुझ्या परीनं केलंस." एवढ्या वर्षांत तो माझ्याशी इतक्या मायेने बोलला नव्हता.

मी मान हलवली आणि चहा प्यायलो.