म्हशींचे सुभेदार

आमच्या मनीषनगरच्या गल्लीतले रिटायर्ड सुभेदार परवा गेले. फौजेतून आल्यावर त्यांनी घरामागे म्हशी पाळल्या. रोज पहाटे त्यांना 'सावधान'चा हुकूम सोडायचे. म्हशी निवांत रवंथ करायच्या.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मला म्हणायचे, "डिग्री दूध देते का गा?"

बायकोबद्दल तर चांगला शब्द पाप होता. पुढे चाऱ्याच्या धुळीनं काकूंचा दमा वाढतो, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात गोठा रिकामा.

"काका, काहून विकल्या म्हशी?"

"तुह्या काकूचं तोंड पाहून दूध आटून राहिलं होतं त्यायचं!"

आतून काकू खळखळून हसल्या. मधे खोकला आला नाही.