भूगोलाची सावड

भुशीचं धरण मागं टाकून आणखी वर चढलं, पर्यटकांच्या गाड्यांचे भोंगे विरत गेले, की करवंदीच्या जाळ्यांतून एक पायवाट निघते. ती जिथं दमते तिथं उंबरवाडी. मोजकी घरं, घरांच्या पायाशी पायरीपायरीनं उतरत गेलेली भातखाचरं, आणि खाचरांच्या वर एक काळा कातळ. या वाडीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी म्हणजे बारकूची रूपा.

रूपाचं आयुष्य सांगायचं तर ते सारं चढउताराचं. लहानपणी आईबरोबर खाली उतरायची. आई हिरी पावसाळाभर धरणाशी कणसं भाजायची, रूपा शेगडीला वारा घालता घालता येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छत्र्यांवरची अक्षरं वाचायची. पुढं आश्रमशाळा झाली, मग लोणावळ्याचं कॉलेज. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, पण हात असा चालता की लावणीला तिच्या ओळीतलं रोप कधी वाकडं गेलं नाही. वाडीत माणसाची पारख ओळीवरूनच होते.

आणि वाडी चालते सावडीवर. आज सगळी वाडी बारकूच्या खाचरात, उद्या बारकूचं घरदार नथूच्या खाचरात. मजुरीचं नाव नाही. ज्याच्या खाचरात उतरलं त्याचं खाचर पुरं करूनच बाहेर निघायचं. रोपं बांधावर ठेवून कुणी घरी जात नाही. गेलाच कुणी, तर पुढच्या साली त्याच्या बांधाकडं माणूस फिरकत नाही. हे रूपाला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला जसं आलं तसंच हेही आलं होतं.

दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं ते ऐन लावणीत. रूपा गुडघाभर चिखलात आणि वर्ग खाली लोणावळ्यात. लावण्या उरकून ती गेली तेव्हा फळ्यावर काय चाललंय हेच तिला उमजेना. तास सुटल्यावर बाकावर तशीच बसून राहिली.

"कुठं गायब होतीस गं?" प्रेरणानं विचारलं. प्रेरणा लोणावळ्यातलीच, तिच्या वडलांचं बाजारात चिक्कीचं दुकान. शेजारी स्वराज होता, शिरगावचा. त्याच्या घरच्यांचा साईबाबांच्या देवळाबाहेर हारफुलांचा गाळा.

"लावणीला व्हते," रूपा म्हणाली. "लय मागं पडलंय आता."

"टेन्शन नको घेऊ," स्वराज म्हणाला. "असं करू. इतिहास माझ्याकडं. अर्थशास्त्र प्रेरणाकडं. भूगोल तू बघ. सगळ्यांचं सगळं सगळ्यांना."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं म्हणलं की."

रूपाचा जीव भांड्यात पडला. एवढं मोठं कॉलेज, एवढी शिकलेली माणसं, आणि इथंही सावडच आहे! मग घाबरायचं काय? त्या दिवशी ती चढ चढली ती जवळजवळ पळत.

भूगोलाचा प्रकल्प होता, आपल्या परिसरातल्या जमिनीचा वापर. रूपानं आधी वाडीचा केला. कुठलं खाचर कुणाचं, डोंगरउताराची वरकस जमीन कुठं, गुरं कुठं चरतात, सगळं नकाशात मांडलं. मग प्रेरणाचा घ्यायला बाजारात उतरली. गल्लीत कोणत्या जागी पूर्वी काय होतं आणि आता कोणतं हॉटेल उभं आहे, हे ती दुकानादुकानांत विचारत फिरली. प्रेरणाच्या वडलांनी तिला चिक्कीचा तुकडा दिला आणि लेकीला हळूच विचारलं, "ही तुझी मैत्रीण नगरपालिकेकडून आलीय का गं? घरपट्टी वाढवणार असतील तर आधीच सांग."

प्रेरणा हसली. रूपाला भूगोलाची फार हौस आहे, एवढंच तिला वाटलं.

मग एका गुरुवारी रूपा लोकलनं तळेगावला उतरून शिरगावला गेली. देवळापुढं गर्दी लोटलेली. स्वराजचे आजोबा दत्तोबा गाळ्यावर झेंडू ओवत बसले होते. रूपानं विचारलं, त्यांनी सांगितलं. कुठं हरभरा व्हायचा, कुठं इंद्रायणी भात, आणि कोणत्या साली तिथं प्लॉट पडले. प्लॉटांचं सांगताना म्हाताऱ्याच्या हातातला दोरा दोनदा गुंतला. स्वराजनं चहा आणला.

"एवढं कशाला विचारतेस गं?"

"भूगोल माझ्याकडं हाय न्हवं?"

"सिन्सिअर बाई आहे राव," स्वराज म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

प्रकल्प द्यायचा दिवस आला. रूपानं पिशवीतून तीन प्रकल्प काढले. एक आपला, एक प्रेरणाचा, एक स्वराजचा. नकाशे रंगवलेले, कडा आखलेल्या, वर ज्याचं त्याचं नाव.

"अगं, अख्खा लिहिलास?" स्वराज उडालाच. "वेडी का काय तू!"

पण घेतला. प्रेरणानं क्षणभर मागंपुढं केलं, मग तिनंही घेतला. रूपा वाट बघत उभी राहिली.

"आणि माजा इतिहास?"

"ग्रुपवर टाकलाय की. बघितला नाहीस?"

वाडीत फोनला रेंज येते ती एकट्या काळ्या कातळावर. रूपा संध्याकाळी तिथं जाऊन बसली. अर्थशास्त्राची परीक्षा तोंडी होती, तिथं प्रेरणानं पाठवलेल्या नोट्स पुरल्या होत्या. पण इतिहासाचा प्रकल्प होता, फ्रेंच राज्यक्रांतीवर. ग्रुपवर स्वराजच्या वहीच्या पानांचे फोटो आले होते. काही तिरके, काहींत त्याचा अंगठा. तिनं ते पुन्हा पुन्हा वरखाली केले. नोट्स होत्या. प्रकल्प कुठंच नव्हता. कुणीतरी रोपांच्या जुड्या बांधावर आणून ठेवाव्यात, आणि मागं वळून बघावं तर माणूसच नाही, तसं तिला झालं. राग यावा तर कुणाचा? ते तर हसून बोलत होते. फसवणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं.

शनिवारी भूगोलाच्या मॅडमनी तिघांना बोलावलं. टेबलावर तिन्ही प्रकल्प ओळीनं ठेवले होते.

"अक्षर कुणाचं?"

"माजं," रूपा म्हणाली. आवाजात थोडा ताठाही होता.

"तिन्हींतलं?"

"व्हय मॅडम."

"का पण?"

"भूगोल माझ्याकडं व्हता."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नक्कल म्हणावी तर एक वाक्य दुसऱ्यासारखं नाही. शिरगावला तू स्वतः गेली होतीस?"

"गुरवारी. लोकलनं."

मॅडमनी शिरगावचा नकाशा पुन्हा उघडून पाहिला. स्वराज खिडकीबाहेर बघत होता, प्रेरणा स्वतःच्या नखांकडं. मग मॅडम म्हणाल्या, "रूपाचा राहू दे. तुम्ही दोघं सोमवारी नवीन आणा. आपल्या पायानं फिरून, आपल्या हातानं लिहून."

"मंग माजा इतिहास कोन लिहिनार?" रूपानं विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं.

"कोण म्हणजे? तूच. सोमवारी शेवटचा दिवस आहे ना? इतिहासाचे सर उशिरा घेत नाहीत, आणि प्रकल्पाशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. आणि वर्ष गेलं तर पुन्हा फी भरून बसायला घरात काही नाही, हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आपलं चुकलं कुठं.

बाहेर पायऱ्यांवर प्रेरणा तिच्यावर चिडली. "तू आधी बोलायचं ना! आम्हाला काय माहीत तू अख्खं लिहून आणणार आहेस!"

"तुमीच म्हनला, सगळ्यांचं सगळं सगळ्यांना."

"अगं, म्हणजे नोट्स! ज्याला हवं त्यानं त्यातून घ्यायचं."

"आनि लिहायचं कुनी?"

प्रेरणानं पिशवी खांद्याला अडकवली आणि ती पायऱ्या उतरू लागली. स्वराजही तिच्या मागं गेला.

रूपा घरी पोचली तेव्हा बारकू अंगणात उभा राहून आभाळ बघत होता. हळवं, लवकर पिकणारं भात कापून खाचरात पसरलेलं. राजमाचीच्या अंगानं ढग चढत होते, परतीच्या पावसाचे.

"उद्या सगळी वाडी आपल्यात येनार," बारकू म्हणाला. "भारे खळ्यावर आणायचे. भारा डोकीवर घ्यायला तू पायजेस."

"बा, माजा इतिहास ऱ्हायलाय. सोमवारी द्यायचा. न्हाई दिला तर परीक्षा न्हाई."

"तो कुनीतरी लिहून देनार व्हता न्हवं? तू त्यांचं केलंस की."

"केलं."

"मंग त्यांनी सावड मोडली?"

मोडली म्हणावं तर ती त्यांनी कधी बांधली होती की नाही, हेच रूपाला कळेना. नाही म्हणावं तर हातात काहीच नव्हतं.

"मला उमगत न्हाई, बा."

बारकूनं डोकं खाजवलं. "मलाबी न्हाई. पन उद्या घरची पोरगी खळ्यावर दिसली न्हाई तर नथू काय म्हनंल?"

सकाळी वाडी खाचरात उतरली. रूपा चुंबळ डोक्यावर ठेवत होती, तेवढ्यात वाटेवर दोन डोकी दिसली. पुढं स्वराज, मागं धापा टाकणारी प्रेरणा, हातात चिक्कीचा डबा.

"तुमी हितं?"

"आजोबांनी हाकललं," स्वराज खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, त्यांना गंमत वाटेल. मी हसत सांगायला गेलो, तर फुलांची टोपली उचलून अंगावर आले. म्हणाले, तिनं तुझं केलं आन् तू तिच्यात गेला न्हाईस? असं कुटं असतं व्हय?"

"मग काय, आलो," प्रेरणा म्हणाली. "पण लिहायचं तर तुलाच आहे. आम्ही काय करायचं तेच कळत नाही."

बारकूला मात्र कळायला काही उरलं नव्हतं. दोन माणसं बांधावर आली होती. "बरं झालं आला. रूपे, ती चुंबळ दे त्या पोराला. तू बस बांधावर."

मग जे झालं ते उंबरवाडीनं कधी पाहिलं नव्हतं. रूपा बांधावर कागद मांडीवर घेऊन बसली. स्वराज भारा डोक्यावर घेऊन खाचरातून निघाला की तिच्याजवळून जाई, आणि जाता जाता भाऱ्याखालून ओरडे.

"कारण पहिलं! राजाची उधळपट्टी!"

"दमानं, मान सांबाळ," नथू मागून म्हणे.

"दुसरं! शेतकऱ्यांवर कर, सरदारांना माफी!"

"आन् तिसरं?" रूपा लिहिता लिहिता विचारी.

"परतल्यावर!"

पुढच्या खेपेला प्रेरणा आली, केसांत पेंढा, तोंड लाल. "भाकरी महाग झाली. बायका राजवाड्यावर चालून गेल्या."

पेंढ्या बांधणारी हिरी थांबली. "कुटं म्हागली गं?"

"फ्रान्सला, मावशी."

"कंदी?"

"झाली की दोन-अडीचशे वर्षं."

"आन् पोचल्या का बायका?"

"पोचल्या. राजाला घेऊनच आल्या."

"बरं केलं," हिरी म्हणाली, आणि तिचे हात पुन्हा चालू लागले. पुढं वाडीतल्या बायांना राजाचं काय झालं ते कळल्याशिवाय राहवेना. प्रत्येक भाऱ्यामागं एक प्रश्न. स्वराजला येईना ते प्रेरणा सांगे, दोघांना येईना ते रूपा फोनवरच्या फोटोंत शोधे. फोटो कातळावरच फोनमध्ये उतरवून ठेवले होते म्हणून बरं. तिरक्या पानांतून आता माणसं चालताना दिसू लागली. लिहिताना तिला स्वराजचं वाक्य जसंच्या तसं घ्यावंसं वाटेना. हिरीनं विचारलेलं रूपाच्या वाक्यांत उतरू लागलं.

तरी तिच्या मनातला गोंधळ जाईना. भारे आपल्या घरचे, वाहतोय स्वराज. इतिहास त्याच्याकडचा, लिहितोय आपण. मग कोण कुणाच्या खाचरात उतरलंय?

शेवटचा भारा खळ्यावर पडला आणि थेंब आले. रूपानं कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. राज्यक्रांतीचे परिणाम तेवढे राहिले होते. स्वराज भिंतीला टेकून मान चोळत होता.

"परिनाम?" तिनं विचारलं.

"आता तूच बघ. माझी मान गेली." मग तो बारकूकडं वळला. "काका, फिटलं ना आता?"

"फिटलं कसं?" बारकू म्हणाला. "तिनं तुझा भूगोल केला, तो तर तुला पुन्यांदा लिहायचाय म्हनं. म्हंजे त्यो काय धरायचा न्हाई. आज तू आमच्यात आलास. आता आमाला तुझ्यात आलं पायजे. तुमची कापनी कंदी?"

स्वराजनं रूपाकडं बघितलं. तिनं त्याच्या गावाचा नकाशा स्वतः रंगवला होता. त्यांची जागा तिनं शेतीच्या हिरव्या नव्हे, बांधकामाच्या करड्या रंगात दाखवली होती.

"आमच्याकडं आता कापणी नसते, काका. प्लॉट पडले."

"मंग?" बारकू भांबावला. "मंग आमी कुटं यायचं?"

प्रेरणानं डबा उघडला आणि चिक्की सगळ्यांपुढं फिरवली.

सोमवारी रूपानं इतिहासाचा प्रकल्प सरांच्या टेबलावर ठेवला. परिणामांचं पान तिनं एकटीनं लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं, भुवया वर केल्या, पुन्हा वाचलं आणि सही केली. परीक्षेचा मार्ग मोकळा झाला. दारातून बाहेर पडताना तिला प्रेरणा आणि स्वराज भूगोलाच्या खोलीकडं धावताना दिसले. दोघांचे डोळे जागरणानं सुजलेले.

ती वाडीत पोचली तेव्हा बारकू ओसरीवर विळा घासत बसला होता. घासून झाला, त्यानं तो जुन्या फडक्यात नीट गुंडाळला.

"रूपे, गुरवारी शिरगावला जायला कोनती लोकल बरी?"

"बा, तितं शेत न्हाई. झेंडूचे हार करत्यात."

"हां," बारकू म्हणाला. फडक्याची गाठ त्यानं पुन्हा आवळली. मग विळा त्यानं पिशवीत ठेवलाच.