राणीही तीच, शत्रूही तीच

भिंगरीचं तोंड रंगवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात तिने दोन घोड्यांना खरारा करून, जीन कसून उभं केलं असतं. हे ती मेकअपवालीला रोज ऐकवायची आणि मेकअपवाली रोज म्हणायची, “बोलू नकोस गं, ओठांपाशी भेगा पडतात.”

काम होतं एका ऐतिहासिक मालिकेत, राणीच्या जागी घोडा पळवण्याचं. राणी झालेली नटी स्वभावाने गोड, पण घोडा नुसता फुरफुरला तरी तिची बोबडी वळायची. म्हणून दरबारात बोलायची ती नटी आणि मैदानात दौडायची ती भिंगरी. भिंगरीच्या वडिलांचा गावाबाहेर तबेला होता. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं. आत्याने लहानपणी तिला साय चोळ चोळ चोळली, पण रंग काही उजळला नाही. वडील म्हणत, “लोणी तरी निघालं असतं त्या सायीचं.”

आता चोळायचं काम मेकअपवालीकडे आलं होतं. चेहरा, मान, हात, सगळं राणीसारखं गोरंपान करायचं. ऊन तापलं की तो रंग ओघळायचा. तळहात बुळबुळीत होऊन लगाम निसटायचा. पांढऱ्या घोड्याच्या मानेवर गुलाबी पट्टे उमटायचे आणि दिग्दर्शक लांबून ओरडायचा, “अरे, तो घोडा पुसा कोणीतरी!”

“घोड्याला काय पुसता, मला पुसा!” भिंगरी तिथूनच ओरडायची. हसायचे सगळे, ऐकायचं कोणी नाही.

तिचं डोकं खरं फिरायचं ते दुसऱ्याच गोष्टीने. गोष्टीत राजा आणि त्याचा शत्रू सख्खे मावसभाऊ. एक नदीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. पण मालिकेत अलीकडचे सगळे दुधात धुतल्यासारखे आणि पलीकडचे झाडून सारे काळेकुट्ट. एकदा चहाच्या वेळी तिने लेखकाला गाठलं. “नदी ओलांडली की माणूस करपतो का हो?”

लेखकाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अगं, जुन्या गाण्यांत राणीलाच सावळी म्हटलंय. मी तसं लिहिलंही होतं. चॅनेलने खोडलं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? मलाही पोट आहे.”

भिंगरीने उरलेला चहा फेकून दिला. चहा तसाही गार झाला होता.

मग लढाईचा भाग आला. राणी आणि शत्रूची स्त्री-सरदार समोरासमोर येणार होत्या. सरदाराचं काम करणारी मुलगीही उजळच. तिला रोज काळं फासून उभी करायचे. सरावात तिचा पाय मुरगळला. व्यवस्थापक भिंगरीकडे आला. “सकाळी राणी हो, दुपारी सरदार. जवळची तोंडं नटींची घेऊ.”

भिंगरीला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

सकाळी तिने गोरी होऊन रिकाम्या हवेवर तलवार चालवली. दुपारी मेकअपवालीने दुसरा डबा उघडला. आत काजळासारखा लेप होता.

“हा कशाला?” भिंगरी म्हणाली. “मी आहेच की काळी.”

“तू सावळी. त्यांना काळी हवी.”

“आणि सकाळी?”

“सकाळी गोरी हवी होती.”

“म्हणजे एवढ्या मोठ्या लढाईत माझ्या रंगाचं एक माणूस नाही?”

मेकअपवालीचा हात थबकला. तिचा स्वतःचा रंगही भिंगरीसारखाच होता. “मला सांगितलं तेवढं मी करते बाई,” ती हळूच म्हणाली.

भिंगरी उठली. घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत तिने ओंजळी भरभरून तोंड धुतलं, कानामागे राहिलेला सकाळचा रंगही खरवडून काढला आणि तशीच काळ्या घोड्यावर जाऊन बसली.

दिग्दर्शक धावत आला. “हे काय? लेप कुठंय?”

“लावणार नाही. अशीच दौडते. नाहीतर दुसरी कोणी आणा.”

“लोकांना शत्रू कोण ते कसं कळणार?”

“तलवार घेऊन अंगावर येते ती! त्यात न कळण्यासारखं काय आहे?”

दिग्दर्शकाने सूर्याकडे पाहिलं. उजेड उतरत होता आणि दुसरी कोणी नव्हती. त्याने हात झटकला, “घ्या!”

भिंगरीने घोडा असा सोडला की कॅमेरावाला दोन पावलं मागे सरकला. एका दमात काम झालं. टाळ्या पडल्या. दिग्दर्शकाने मात्र वाजवल्या नाहीत.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा घरचे तिघं समोर बसले होते. सरदार दिसली आणि आत्या दचकली. “कोण गं ही? चेटकीण जशी!”

भिंगरी बघतच राहिली. कॉम्प्युटरवर तिला काळी ठिक्कर करून टाकलं होतं. “ती मी आहे आत्या.”

“आणि ती राणी?”

“तीही मीच.”

आत्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग यात तू कुठेयस?”

भिंगरी पुन्हा पडद्याकडे वळली. वडील म्हणाले, “बसण्यावरून मी ओळखली हो.” पण ते तिला ऐकूच आलं नाही.

नंतर बोलावणं बंद झालं. तिच्या जागी एका पुरुषाला केसांचा टोप घालून बसवलं. भर दौडीत टोप उडाला आणि राणीचं टक्कल उघडं पडलं. दिग्दर्शकाचा स्वतःचा फोन आला. बरीच घासाघीस झाली. ठरलं ते असं: रंग नाही, पण हातमोजे, शिरस्त्राण आणि तोंडावर जाळी. भिंगरी चरफडली. घोड्यावाचून तिला चैन पडत नव्हतं, म्हणून गेली.

पहिल्याच दिवशी नटी तिच्याशेजारी येऊन बसली. “सुटलीस तू. मला तर रोजच लावतात.”

“तुम्हाला? तुम्ही तर गोऱ्याच!”

नटीने रुमाल ओला करून गालाचा एक कोपरा पुसला. खाली गव्हाळ रंग होता, भिंगरीपेक्षा जेमतेम उजळ.

भिंगरी कपाळावर हात मारायला गेली, तो शिरस्त्राणावर खणकन आपटला. “अहो, मग इथे गोरं आहे तरी कोण?”

मेकअपवाली लगबगीने आली आणि नटीचा गाल पुन्हा भरू लागली.